पळसटोल्याच्या भिंती

२३ ऑगस्ट १९५५, पळसटोला

आरमोरीहून बैलगाडीनं निघालो तो दुपार टळल्यावर इथे पोहोचलो. वाटेत दोनदा चाक रुतलं, एकदा ट्रंक चिखलात पडली. गाडीवान मनात मला काय म्हणत होता ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. गाव तलावाच्या पाळीला, मातीच्या बांधाला, लागून आहे. ढिवरांची, मासेमारांची वस्ती, थोडी धानाची शेतं, बाकी नजर जाईल तिथे पाणी. माशांचा वास नाकात बसला आहे. सवय होईल म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय!

काम तसं दोन ओळींचं आहे. हिवतापाचा डास माणसाला चावतो आणि रक्तानं जड होऊन जवळच्या भिंतीवर टेकतो. त्या भिंतीवर डी.डी.टी. पावडर फवारलेली असली की तिथेच मरतो. पावडरीचा असर पावसाळाभर टिकतो, आणि सगळ्या तालुक्यात टिकला. पळसटोल्यात मात्र गेल्या वर्षी दसऱ्याच्या आतच डास घराघरात परत येऊन बसले आणि तापानं माणसं गेली. चांद्याला हिवताप खात्याच्या कचेरीत साहेबांनी बोलावून सांगितलं, "गुणवंतराव, गावात राहा. फवारणी तुमच्या देखत करून घ्या. आणि डास कोणत्या वाटेनं घरात परततो तेवढं शोधून काढा." शोधलं तर नोकरी पक्की होईल असंही सुचवलं. मी बी.एस्सी. आहे. एका डासाची वाट मला सापडणार नाही असं होणार नाही.

देवकाबाई नावाच्या विधवेनं तिच्या पडवीचं एक टोक मला राहायला दिलं. मुलगा इस्तारी तलावात जाळं टाकतो. सून गोकुळा, विशीबाविशीची, पाचवा महिना चालू आहे. दिवेलागणीला देवकाबाईनं मला सरळ विचारलं, "साहेब, हिचे दोन गेले. दोन्ही बार तापातच गेले, पोटातल्या पोटात. या पावडरीनं हे तरी राहीन का?"

गोकुळा चुलीपाशी होती. भाकरी थापायची थांबली.

मी म्हटलं, "बाई, या घरात डास टेकणार नाही. माझा शब्द."

देवकाबाईनं हात जोडले. मला संकोच वाटला, आणि खरं लिहायचं तर बरंही वाटलं.

२६ ऑगस्ट

फवारणी संपली. मुकादम वारलू जंगलातल्या गावचा गोंड आहे. काटक, कमी बोलणारा. एकानं बादलीतला पंप दाबायचा आणि वारलूनं नळी धरून वरून खाली भिंत भिजवायची. मी घरोघर सोबत उभा होतो. भांडी, कणग्या, जाळी, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळं अंगणात. देवाच्या कोपऱ्यावर देवकाबाईनं परात झाकली. वारलूनं न सांगता तो कोपरा सोडून बाजूनं नळी फिरवली.

संध्याकाळी खाटांतून ढेकूण टपाटप पडू लागले तेव्हा गावानं फवारणी मनापासून मान्य केली. देवकाबाई सुपात भरून अंगणात टाकत होती आणि शेजारणीला ओरडून सांगत होती, "पाय वो माय, रक्तपिते कसे मरून राह्यले!" गोकुळाला हसताना आज पहिल्यांदा पाहिलं.

३० ऑगस्ट

पहाटे टॉर्च आणि काचेची नळी घेऊन घरं धुंडाळतो. भिंतीवर डास दिसला की नळी त्याच्यावर धरायची आणि रबराच्या तोंडानं ओढून घ्यायचा. पोरं पाठीमागे 'मच्छरबाबू' म्हणतात. म्हणोत. आज एकाही घरात जिवंत डास नाही. जमिनीवर मेलेले आहेत.

भिंती मात्र बघवत नाहीत. पावडरीचे पांढरट ओघळ आणि धब्बे. पडवीत जेवताना मी गमतीनं म्हटलं, "देवकाबाई, तुमच्या भिंतीला कोड फुटलं की काय!" इस्तारी हसला. बायका हसल्या नाहीत. यांना थट्टा कळत नाही.

तीन तारखेपासून रीतसर पाहणी सुरू करतोय. लोक दार लावून निंदणाला निघून जातात, म्हणून कोतवाल लटारूला आदल्या दिवशी दवंडी द्यायला सांगितलं. लटारू म्हणाला, "मागच्या साली बी साहेब लोक आले होते घर पाहाले. तवाबी मीच देल्ली होती दवंडी." त्याला या गोष्टीचा फार अभिमान दिसला.

३ सप्टेंबर

गावाबद्दल माझं मत बदललं आहे. इतकी स्वच्छ घरं वर्ध्यातही पाहिली नाहीत. तलावाच्या पाळीखालची पांढरी माती आणून बायकांनी भिंती अशा सारवल्या आहेत की आत पाऊल टाकताना चपला हातात घ्याव्यात. ओल्या मातीचा तो गार वास. काही ठिकाणी दाराच्या दोन्ही बाजूंना गेरूची वेल काढली आहे. प्रत्येक घरी मी मोकळेपणानं कौतुक केलं. म्हटलं, रोगराईचं मूळ घाणीत असतं, असंच ठेवत जा. बायका पदराआड हसत होत्या.

आमची पडवी तर ओळखू येईना. गोकुळानं काल दिवसभर बसून सगळी पांढऱ्या मातीनं पोतारली. वरपर्यंत हात पोचेना म्हणून उखळ पालथं घालून त्यावर चढली होती म्हणे. मी म्हटलं, "छान!" ती भिंतीला हात लावून उभी होती, दम लागला होता, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

एका घरी गेलो नाही. फवारणीच्या दिवशी पाहिलेलं सोमाजीचं खोपट; तो जातीनं वाळीत टाकलेला. बायको सोडून गेली, मोहाची गाळतो. लटारू म्हणाला, "तिथी पाहासारखं काई नाई साहेब. तुमी नका जाऊ."

१६ सप्टेंबर

डास आले.

पहिला आमच्याच घरात सापडला, देवाच्या कोपऱ्यापासून दोन हातांवर. पोट लाल, पंख मिटून निवांत बसलेला. मेलेला समजून नळी लावली तर उडाला. मग शेजारी, मग त्याच्या शेजारी. भिंतीला टेकून बसतात आणि मरत नाहीत. 

देवकाबाईनं विचारलं, "सापडला का साहेब?" म्हटलं, "एखादा असतोच." खोटं बोललो. तिला इतक्यात घाबरवून काय उपयोग!

आता पाहणी आठवड्याला करायची. कोणत्या घरात आधी, कोणत्या घरात मागून, हे कळल्याशिवाय वाट कळायची नाही.

२१ सप्टेंबर

एक युक्ती केली. आरमोरीच्या बाजारातून गुलाल आणला. पाळीवरच्या झुडपांतून आणि गोठ्यांतून डास धरून मच्छरदाणीच्या कापडाच्या पिंजऱ्यात घातले, गुलालाची फुंकर मारली आणि तलावाकाठी सोडून दिले. गाव जमलं होतं. कुणीतरी म्हणालं, "बाबूजीनं मच्छराइचं लगन लावलं." खूप हशा झाला. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

आज पहाटे लाल डास मिळाला, आमच्या पडवीत. नुकत्याच पोतारलेल्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर इतका ठसठशीत दिसत होता की टॉर्चही लागली नाही. म्हणजे तलावावरून निघतो, घरात शिरतो, चावतो, भिंतीवर आराम करतो आणि जिवंत राहतो. वाट सापडली. कोडं राहिलं ते एवढंच की मरत का नाही.

मला एकच उत्तर सुचतं. पावडर पातळ होती.

२९ सप्टेंबर

मुसळधार पाऊस. पाळीवरून येताना आडोसा म्हणून समोर दिसेल त्या खोपटात शिरलो तर ते सोमाजीचं घर. उंबऱ्यापासून घाण. चूल थंड, कोपऱ्यात मोहाचा रांजण, भिंती फवारणीच्या दिवशी होत्या तशाच, धब्ब्यांनी भरलेल्या. सवयीनं टॉर्च काढून कानाकोपरा पाहिला. एकही जिवंत डास नाही. जमिनीवर मात्र मेलेले, आणि त्यांतल्या एकाच्या पंखाला गुलाल!

मी म्हटलं, "सोमाजी, घर जरा सारवत जा."

तो हसला. "कोनासाठी सारवाचं साहेब? आमच्या घरी कोन येते पाहाले? तुमी बी पान्यानं आले."

गावातल्या सर्वांत घाणेरड्या घरात डास मरतो आणि सर्वांत स्वच्छ घरात जगतो! रात्रभर विचार केला. मोहाच्या दारूच्या वासानं डास आधीच अर्धमेला होत असावा. याचा प्रयोग करण्यासारखा आहे. एरवी सोमाजीच्याच घरी पावडर बरोबर पडली आणि बाकी गावात पातळ, हे काही पटत नाही. पण वारलू आणि सोमाजी एकत्र पितात असं लटारूकडून कळलं. तर पटतंही.

४ ऑक्टोबर

वारलूला बोलावून घेतलं. म्हटलं, "खरं सांग, पावडर कमी टाकलीस ना? बाकीची कुठे गेली?"

तो उभाच होता. म्हणाला, "पावडर का खाची चीज आहे साहेब? पान्यात जेवढी टाका म्हनलं तेवढी टाकली. तुमी सोताच तं उभे होते."

"उभा होतो. म्हणून काय दिवसभर बादलीत डोळे घालून बसलो होतो?"

तो वळला. मग जाता जाता म्हणाला, "माह्यं बी घर याच जंगलात आहे. माह्ये लेकरं बी याच तापानं मरतेत." मला ते नाटकी वाटलं. साहेबांना कळवलं. वारलूला कामावरून कमी करतील. कुणाचं पोट मारायचं मला काही सुख नाही, पण गोकुळाकडे पाहिलं की राग येतो.

तिला कालपासून थंडी वाजते आहे. दोन गोधड्या घालूनही दात वाजत होते. मग ताप, मग घाम. मी गोळ्या दिल्या. सांगितलं, हे साधं असू शकतं. देवकाबाई माझ्याकडे बघत राहिली. तिनं हा ताप ओळखलेला आहे, माझ्यापेक्षा कितीतरी आधीपासून.

११ ऑक्टोबर

एक दिवस ताप, एक दिवस मोकळा. गोळ्या पोटात टिकत नाहीत, उलटून पडतात. कोमट पाण्यातून थोडी थोडी देऊन पाहतो. इस्तारी जाळं घेऊन जातो आणि रिकामा परत येतो. मला वाटतं तो तलावावर नुसता बसून राहतो.

उद्या चांद्याहून मोठे साहेब पाहणीला येणार. लटारूनं दवंडी दिली. आज गोकुळाला ताप नव्हता. दुपारी आलो तर ती पडवीच्या भिंतीशी बसून पोतारत होती, एका हातानं भिंत धरून. मी रागावलो, "अगं, तुला बरं नाही, हे काय करतेस?"

म्हणाली, "एवढीशी राह्यली साहेब. तुमचे साहेब येतीन ना. तुमाले खाली पाहा लागन."

माझी लाज राखायला उठली होती. इतकी माया या घरानं लावली आहे. मी कोरडं फडकं तिला हात पुसायला दिलं आणि म्हटलं, आता मात्र झोपायचं.

१२ ऑक्टोबर

मोठे साहेब येऊन गेले. घरं बघून फार खूश. मला म्हणाले, "डासांचं काही असो, गुणवंतराव, गावाला शिस्त लावलीत." वारलूचं नाव कापलं.

१७ ऑक्टोबर

आता ताप उतरत नाही. पोटाला हात लावू देत नाही. मला ओळखते, मधूनच ओळखत नाही. देवकाबाई तलावाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवते. इस्तारीला गाडी जुंपायला सांगितलं, आरमोरीला नेऊ. नाल्याला पूर आहे.

१९ ऑक्टोबर

नाला उतरला नाही. सकाळी मुलगा झाला, सातव्या महिन्यात. रडला नाही.

२० ऑक्टोबर

गोकुळा गेली.

दुपार होती. पडवीत ऊन आलं होतं. शेवटी भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्या भिंतीवर तिच्या डोक्याच्या वर तीन डास बसलेले मी पाहिले. नळी जवळ होती. हात उचलला नाही.

मी शब्द दिला होता. देवकाबाईनं त्याची एका अक्षरानं आठवण काढली नाही. काढली असती तर बरं झालं असतं.

२९ ऑक्टोबर

आज दहावा. हे लिहून काढतो, नाहीतर उद्या मीच ते दुसऱ्या तऱ्हेनं सांगायला लागेन.

सकाळी घर शुद्ध करायला सारवण निघालं. इस्तारीची बहीण कुंता मयताला आली ती इथेच थांबली आहे. तीही पोटुशी, सहावा महिना, बाळंतपणाला माहेरीच राहणार. ती शेण-माती कालवत होती. इस्तारीनं पडवीतली जाळ्याची खुंटी उपटली. जाळं त्याला आता तिथे नको होतं, तिथे गोकुळा पडली होती. खुंटीसोबत भिंतीचा एक पोपडा माझ्या पायाशी पडला.

उचलून पाहिला. कडेला थर दिसत होते, एकावर एक, भाकरीच्या पापुद्र्यांसारखे. पांढरी माती, त्याखाली पांढरी माती, परत पांढरी माती. आणि सगळ्यांच्या खाली, जुन्या मळक्या भिंतीला चिकटून, पावडरीचा तो धब्बा.

पावडर पुरी होती. वारलूनं पुरी टाकली होती. ती मातीखाली पुरली गेली होती. डास मातीवर बसत होता.

माझ्या तोंडून निघालं, "हे कितीदा सारवलं?"

देवकाबाई म्हणाली, "तुमी जितक्या बार पाहाले आले, तितक्या बार."

"मी कुठे सांगितलं होतं सारवायला?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी काही पोरकट विचारलं. "सांगाले काऊन लागते साहेब? सरकारचा मानूस घर पाहाले येते म्हनल्यावर बाईमानसानं भित तशीच ठेवाची? दवंडी झाली का आख्खं गाव मातीले जाते. मागच्या साली बी गेलं." मग आवाज न चढवता, "आन् तुमीच तं म्हनलं होतं पयल्यांदा. भितीले कोड फुटलं म्हून. गोकुळाले लय लागलं होतं ते. म्हने, मानूस आपल्या घरी राहून राह्यला आन् आपली भित अशी."

इस्तारी खुंटी हातात घेऊन उभा होता. त्याला समजलं होतं की नाही मला माहीत नाही. मी सांगितलं. सगळं सांगितलं, पावडर, माती, डास. सांगावंच लागलं. तो ऐकून घेऊन तलावाकडे निघून गेला. देवकाबाई खाली बसली. म्हणाली, "मंग गोकुळा दर बारी सोताच्याच हातानं..."

डास तलावावरून वाट काढतो असं मी समजत होतो. डासाची वाट माझ्या पायांनी पडली होती. सोमाजीनं मला तोंडावर सांगितलं होतं, आणि मी दारूच्या वासाचा प्रयोग करायला निघालो होतो.

कुंतानं कालवलेली माती अंगणात तशीच वाळली.

६ नोव्हेंबर

अहवाल धाडला. पोपडाही फडक्यात बांधून सोबत दिला. लिहिलं की या गावातल्या स्त्रिया फवारणीनंतर भिंती वारंवार सारवतात, त्यामुळे पावडर झाकली जाते. का सारवतात ते तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. शेवटी 'स्थानिक रूढीमुळे' असं लिहिलं. त्यात मोठ्या साहेबांची पाहणीही आली असती, हे कारण मी स्वतःला देतो. खरं कारण मला माहीत आहे.

वारलूला परत घ्या असंही लिहिलं आहे. त्याच्या गावी जाऊन आलो. तो धान कापत होता. मी माफी मागितली. त्यानं विळा थांबवला नाही. म्हणाला, "ठीक आहे साहेब." एवढंच. मी बांधावर थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो.

१९ नोव्हेंबर

दिवाळी झाली. गावात कुणी भिंत सारवली नाही, मी दारोदार जाऊन हात जोडले म्हणून. दिवाळीला भिंत न पोतारणं म्हणजे घरात मयत झाल्यासारखंच, पण माझ्याकडे पाहून लोकांनी मानलं. काल दुसरी फवारणी झाली. मुकादम नवीन आहे, वारलूला घेतलं नाही. सगळ्या भिंती पुन्हा धब्ब्यांनी भरल्या. कुंताची खाट मी स्वतः पडवीत त्या भिंतीशी लावून दिली.

२८ नोव्हेंबर

चांद्याहून हुकूम आला. अहवालाची वाखाणणी केली आहे. नोकरी पक्की.

पुढे असं: गावकरी भिंती सारवत नाहीत ना, याची खात्री करण्यासाठी यापुढे दर पंधरवड्याला प्रत्येक घराची पाहणी करावी. आदल्या दिवशी दवंडी द्यावी, म्हणजे घरं उघडी सापडतील. पहिल्या पाहणीला मोठे साहेब स्वतः हजर राहतील. परवा.

हुकूम हातात घेऊन मी हसलो. इस्तारीनं विचारलं, "का झालं साहेब?" मी कागद घडी करून खिशात घातला. मी खोडलेली ती एक ओळ लिहिली असती तर हा कागद आला नसता.

२९ नोव्हेंबर

हुकमाची एक नकल लटारूकडे थेट गेली होती. सकाळी मी उठायच्या आत डफडं वाजलं. "मोठे साहेब घर पाहाले येऊन राह्यले हो! घरं उघडी ठेवा हो!"

पाळीकडे धावलो. बायका टोपल्या घेऊन मातीला निघाल्या होत्या. मी मधे उभा राहून सांगितलं, नका. त्यांनी पदर पुढे ओढले आणि म्हणाल्या, "नाई साहेब, नाई पोतारत," आणि बाजूनं निघून गेल्या. साहेब नाही म्हणतो ते त्याच्या मोठेपणानं, आपण आपलं करायचं. पाहुणा 'जेवण नको' म्हणतो तसंच त्यांना वाटलं.

घरी आलो तर कुंता पडवीत उकिडवी बसलेली, कोपरापर्यंत हात पांढरे. एक कोपरा झाकला गेला होता. मी तिच्या हातातलं फडकं ओढून घेतलं. ती घाबरली. देवकाबाई चुलीपुढून उठून आली.

"तुम्हाला तर सगळं माहीत आहे ना बाई! तुम्ही तरी?"

ती रडली नाही, चिडली नाही. म्हणाली, "मले माहीत आहे, भाऊ. पर उद्या मोठा मानूस दारात उभा राहीन, आन् गावातल्या बाकी साऱ्या भिती चकचकीत, आन् माह्यीच कोडी. सुनेच्या मागं घर सांडलं म्हनतीन. आमाच्यानं नाई होत ते. तुमी इथी असले, का तुमच्यामागं साहेब येतीन. आन् साहेब आले का आमाले सारवा लागते." मग अगदी हळू, "तुमी जा ना, भाऊ. तुमी गेले तं राहीन भित."

इतक्या दिवसांत तिनं मला कधी भाऊ म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी

चांद्याला राजीनामा लिहिला. त्यात यावेळी खोडलेली ओळ लिहिली, पहिल्याच वाक्यात. उद्या पहाटे निघून साहेबांना आरमोरीच्या डाक बंगल्यावर, नाहीतर वाटेतच, गाठतो. मुजोरी म्हणतील, वेडा म्हणतील, पण उद्याच्या पाहणीला त्यांचं पाऊल इथे पडू देणार नाही. कुंताच्या कोपऱ्यातली ओली माती मी स्वतः खरवडून काढली. खालची पावडर बरीचशी शाबूत आहे.

लटारूला म्हटलं, आणखी एक दवंडी दे. तो म्हणाला, "कशाची?" मी सांगितलं. त्याला विश्वास बसेना, पण डफडं घेऊन गेला. पडवीत बसून ऐकलं, "साहेब चालले हो! कोनीच कोनाच्या घरी येत नाई हो! भिती हायेत तशाच ठेवा हो!"

परत आल्यावर लटारू दारात घोटाळला. म्हणाला, "आन् पुढं दुसरे साहेब आले तं?"

मी म्हटलं, "तर हीच दवंडी दे."

"ते काहाले देऊ देतीन?"

मी ट्रंक बांधायला घेतली.

३० नोव्हेंबर

गाडी पहाटे आली. इस्तारीनं ट्रंक चढवली. देवकाबाईनं सुक्या माशांची पुडी फडक्यात बांधून दिली. तो वास आता मला येतही नाही. कुंता दारात उभी होती, एक हात पोटावर. मी नमस्कार केला. शब्द मात्र दिला नाही.

गाडी वळताना मागे पाहिलं. उजाडलं होतं, आणि त्या दोघींच्या मागे पडवीची भिंत नीट दिसत होती, ओघळ, धब्बे, कोडासारखी. देवकाबाई माझ्या नजरेकडे बघत होती. मी नजर भिंतीवरून काढून पुढे वळलो.